जेनेटिक्सला जायचंय? आधी विषय ठरवा, मग कॉलेज

मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकलेला असतो. ‘जेनेटिक्सला स्कोप आहे’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग ज्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर डीएनएचं चित्र ठळक छापलेलं असतं, तिथे फी भरली जाते. खरं तर जनुकशास्त्राची स्वतंत्र पदवी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळते. विद्यार्थ्याला निवड करायची असते ती पिकं, माणूस की मूलभूत संशोधन यांतली.

शहरी पालकांच्या यादीत शेती नसतेच, आणि तिथेच चुकतं. सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी कृषी आणि पुढे पीक-पैदाशीत एमएस्सी, हा भक्कम मार्ग आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ‘फुले संगम’ हे सोयाबीनचं वाण सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्रात तयार झालं. असं वाण घडवणाऱ्याचं काम नाजूक. सोयाबीनची कळी जेमतेम काही मिलिमीटरची. ती उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, लेबल बांधायचं. हात जरा जड पडला की कळी गेली. पुढे पिढ्यान् पिढ्या निवड चालते; शेतकऱ्याच्या हाती बियाणं पडेपर्यंत दहा वर्षं सहज जातात. ज्याला निकालाची घाई आहे, त्याने इकडे फिरकू नये. जालन्यासारख्या ठिकाणच्या बियाणे कंपन्यांना मात्र अशी माणसं हवीच असतात.

मूलभूत संशोधनासाठी पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राइतकंच वजन गणितालाही असतं. ‘बायोलॉजी घेतलंय, आता गणित कशाला?’ म्हणत अकरावीत ते सोडणारे इथे अडकतात. जीनोमचा अभ्यास आज संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगशिवाय पुढे सरकत नाही, तेव्हा गणित ठेवावंच.

माणसांच्या बाजूला गरज ढळढळीत दिसते. गडचिरोली, नंदुरबारमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०४७ पर्यंत तो संपवण्याची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असं समजणाऱ्या जोडप्याला हे नीट, न घाबरवता समजावणं हे जेनेटिक कौन्सेलरचं काम. त्यासाठी एमएस्सी करता येते, एमबीबीएस लागत नाही. डॉक्टरांना एमडीनंतर मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम करता येतं.

पैशाचंही बोलू. नुसत्या बीएस्सीवर चांगली नोकरी अवघड. एमएस्सी धरूनच चालावं. संशोधनात जायचं तर पीएचडीची पाचेक वर्षं आणखी. नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे त्या काळात घरावर भार पडत नाही.

फी भरण्याआधी पालकांनी कॉलेज चालू असताना तिथे जावं. डीएनएच्या प्रती वाढवणारं पीसीआर यंत्र मुलं स्वतः वापरतात की ते कुलपात असतं आणि गेल्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर दुसरं कॉलेज बघावं.