वाढते वय, वाढते वजन आणि मेदपेशी

“आहार पूर्वीइतकाच आहे, तरी वजन का वाढते?” हा प्रश्न चाळिशी ओलांडलेले रुग्ण बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारतात. सोबत आलेल्या नातेवाइकांच्या मनात बहुधा एकच शंका असते, ती म्हणजे रुग्ण चोरून खातो. ही शंका पुष्कळदा अन्यायाची असते, म्हणून त्यामागील शास्त्र येथे मांडीत आहोत.

मेदपेशी ही शरीराची कणगी होय. प्रौढपणी या पेशींची संख्या जवळजवळ स्थिर असते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात व तितक्याच नव्या तयार होतात. हे स्वीडनमधील करोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखविले. त्यांची युक्ती विलक्षण होती. १९५० ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नावाटे सर्वांच्या शरीरात गेला. पेशीतील त्याचे प्रमाण मोजून तिचे वय काढता येते. संहाराच्या अस्त्रांनी आरोग्यशास्त्राला असा हातभार लावावा, हे नवलच. याच पद्धतीने साठलेल्या मेदाचेही वय कळले. तो सरासरी सुमारे दीड वर्ष पेशीत राहतो.

पुढे २०१९ मध्ये ५४ स्त्रीपुरुषांचा सरासरी १३ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन वाढो वा घटो, वयाबरोबर प्रत्येकाच्या मेदाची जावक मंदावलेली आढळली. ज्यांनी त्या मानाने आहार कमी केला नाही, त्यांचे वजन सरासरी २० टक्क्यांनी वाढले. तेव्हा “पूर्वीइतकेच खातो” हे रुग्णाचे म्हणणे खरे असू शकते. अडचण त्या ‘पूर्वीइतके’ या शब्दातच आहे.

मेदपेशीतही तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, असतात. अन्नघटक जाळून ऊर्जा देणे हे त्यांचे काम. इन्शुलिनचा प्रभाव टिकविणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक मेदपेशीत तयार होण्यासाठीही त्यांचे आरोग्य आवश्यक असते. वय व स्थूलता या दोन्हींबरोबर त्यांची क्षमता घटते. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासात स्थूल भावंडाच्या मेदात तंतुकणिकांचा डीएनए कमी आढळला. आनुवंशिकता एकच असल्याने हा फरक जन्मजात नव्हे, आयुष्यात आलेला आहे. अर्थात तंतुकणिकांचे मंदावणे वजनवाढीचे जसे कारण, तसाच तिचा परिणामही असू शकते. मानेजवळील तपकिरी मेद ऊर्जा थेट उष्णतेत बदलतो, पण तोही वयानुसार घटतो.

तथापि सारा दोष ‘चयापचय मंदावला’ या सबबीवर टाकणे आम्हाला मान्य नाही. २०२१ मध्ये सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजणीतून दिसले की शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यास ऊर्जाव्यय विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर असतो. स्नायू घटतात, हालचाल कमी होते, हे विसरून चालणार नाही. नियमित व्यायामाने स्नायूंतील तंतुकणिका उतारवयातही वाढतात.

आपल्याकडे केवळ वजनकाट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! म्हणून भारतीय पुरुषांत कंबरेचा घेर ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शिंप्याची टेप पुरते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांना नातेवाइकांनी आपल्या मनाने उपवास घडवू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. आणि वृद्धाचे वजन प्रयत्नांवाचून घटू लागले, तर समाधान न मानता त्यांना तपासणीस आणावे.