चाचणीतील औषध : आशा आणि सावधगिरी

“नवे औषध आमच्या रुग्णास लगेच का देत नाही?” असा प्रश्न नातेवाईक आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर बेडाक्विलिनच्या इतिहासात आहे. बहुऔषधरोधी क्षयावरील हे औषध क्षयजंतूची ऊर्जानिर्मिती थांबवते. तरीही एका चाचणीत नेहमीच्या उपचारांसोबत ते घेणाऱ्या ७९ पैकी १०, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या ८१ पैकी २ रुग्ण दगावले. म्हणूनच २०१२ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली ती ठळक इशाऱ्यासह. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्याने ईसीजी तपासणी आवश्यक ठरली. पुढील अभ्यासांतून विश्वास वाढला आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास अग्रक्रम दिला. रुग्णाची संमती, काटेकोर नोंद व सततची देखरेख यांमुळेच आशेचे औषधात रूपांतर होते, अशी आमची धारणा आहे.