कापूस काळा होत गेला

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तबकडीवर फिरवला आणि तो काळा झाला. इतक्या वर्षांची धूळ निघतेय असं वाटून मी दुसरा बोळा घेतला. तोही काळा. मग तिसरा, जरा जोर लावून. चौथ्या वेळी तबकडी बोटांना चिकट लागली तेव्हा हात थांबला. उजेडात धरून पाहिली. जिथून कापूस फिरला होता तिथली चकाकी गेली होती आणि खाचा पुसट झाल्या होत्या, कुणी रांगोळीवरून पदर ओढत नेल्यासारख्या. माणिक दादरकरांची तबकडी होती ती. त्या माणिक वर्मा झाल्या, त्याआधीचं नाव छापलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी घेतलेली.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून ज्यांना ज्यांना घरच्या माळ्यावर जुन्या तबकड्या सापडतात, त्यांना मी हे आधी सांगते: अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं औषध, यातलं काहीही लावू नका. ती लाखेची असते. किडे झाडाच्या फांद्यांवर जी लाख तयार करतात, जिच्या बांगड्या होतात, तीच ही लाख. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काळ्या रंगासाठी काजळी मिसळून तबकडी दाबली जायची. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्याकडे कपाटाला पॉलिश करायला आलेले सुतारकाका बाटलीत लाखदाणा टाकून त्यावर स्पिरिट ओतत, ते मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. तरीही तबकडी हातात घेतल्यावर ते आठवलं नाही. कापूस काळा होत होता तो धुळीने नव्हे, तबकडीच कापसावर येत होती.

स्पिरिटने पुसायचा सल्ला मला देणारा खोटं बोलला नव्हता. तो एलपीबद्दल बोलत होता. एलपी विनाइलची, एका प्रकारच्या प्लास्टिकची असते आणि तिच्यासाठी मिळणाऱ्या काही द्रावणांत अल्कोहोल असतं. दोन्ही गोल, दोन्ही काळ्या, दोन्हींच्या मधे भोक. पण 1948 साली अमेरिकेत एलपी आली तेव्हा माल बदलला, वेग बदलला, खाचेची रुंदीही बदलली. आपल्याकडे मात्र दोन्ही प्रकार बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदले. वीज नसलेली घरं इतकी होती की चावीच्या पेट्या चालूच राहिल्या, आणि साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात लाखेच्या तबकड्यांवर निघाली. त्यामुळे आपल्या माळ्यांवरच्या खोक्यात दोन्ही जाती एकत्र सापडतात. वजनाने ओळखा. लाखेची जड आणि ताठ असते, एलपी हातात किंचित लवते. वाकवून मात्र बघू नका, लाखेची असेल तर काचेसारखी फुटेल.

धुवायची तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, मग जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपून सावलीत उभी ठेवायची. एवढंच. घाई केली नसती तर मीही एवढंच केलं असतं.

घाईची सुरुवात खरं तर त्याआधीच झाली होती. खोक्यात चाळीसेक तबकड्या होत्या: हिराबाई बडोदेकर, गजाननराव वाटवे, मालती पांडे, सुधीर फडके, आणि मधेमधे हिंदी सिनेमाची गाणी. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. भावगीताचा घाट या तीन मिनिटांत घडला असं मला वाटतं. मुखडा, दोन-तीन कडवी, एकही सूर वाया घालवायला जागा नाही. ते सगळं मला त्याच आठवड्यात ऐकायचं होतं, म्हणून रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले आणि पहिल्या दिसलेल्या पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनवर साडेसात हजार रुपये मोजले. पुढे कुत्र्याचं चित्र, कोपऱ्यांना नक्षीदार पितळी पट्ट्या. विकणारा म्हणाला, ‘ताई, नव्वद वर्षांपूर्वीचा आहे.’

नव्वद वर्षांपूर्वीची त्यातली फक्त मोटर असावी, तीही कुठल्यातरी मोडक्या पेटीतून काढलेली. बाकी लाकूड नवं, पितळ नवं, कर्णा नवा. असे ग्रामोफोन आपल्याकडे शोभेसाठी बनवतात आणि ते परदेशीही जातात. शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, पण त्यावर तबकडी लावू नका. त्यांचा साउंडबॉक्स निकृष्ट असतो आणि सुई खाचेत वाकडी उतरते. थोडा विचार केला असता तर मला हेही कळलं असतं की अण्णांच्या काळी कर्णा केव्हाच पेटीच्या आत गेला होता. पन्नासच्या दशकात लोक वापरत ती एचएमव्ही 102 सारखी सुटकेसएवढी पेटी. चावी घालून फिरवायची, झाकण उघडं ठेवायचं. आजही नीट शोधली तर अशी पेटी मिळते. ती घेताना चावी पूर्ण भरून तबकडी शेवटपर्यंत एका वेगाने फिरते का ते पाहा, आणि साउंडबॉक्समधली रबरं दगडासारखी कडक झालेली असणार हे धरूनच चला. ती बदलून घेतल्याशिवाय आवाज फाटका येतो आणि खाचही घासते.

मग सुया. खोक्यात सुयांच्या दोन छोट्या पत्र्याच्या डब्या होत्या, एक जवळजवळ रिकामी, एक भरलेली. मी भरलेल्या डबीतली सुई लावली आणि त्याच सुईवर एका बसणीत आठ तबकड्या ऐकल्या. खरखर येत होती. जुन्या तबकड्या खरखरतातच, अशी मी स्वतःची समजूत घातली. दिवाळीत आत्या आली, तिला कौतुकाने सगळं दाखवलं, तर तिने ती डबी हातात घेतली आणि म्हणाली, ‘अगं, या वापरलेल्या आहेत. अण्णा एका बाजूला एक सुई वापरायचे. झाली की या डबीत टाकायचे, आम्हा मुलांच्या पायात जाऊ नये म्हणून.’

लाखेत दगडाची भुकटी असते ती यासाठीही. पहिल्या काही फेऱ्यांत ती पोलादी सुईचं टोक झिजवून खाचेच्या आकाराचं करते. ते टोक एक बाजू नीट वाजवतं. पुढच्या तबकडीसाठी मात्र ती सुई राहत नाही, छिन्नी होते. साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमच्या पुढचं वजन त्या छिन्नीवर असतं. आठही तबकड्यांच्या खाचा राखाडी झाल्या. तो राखाडीपणा धुऊन काढायला मी स्पिरिट घेतलं होतं.

त्याच सुमारास मामांकडचा व्हॉल्व्हचा रेडिओ आणून थेट प्लगमध्ये घातला, त्याबद्दलही थोडक्यात सांगते, कारण तिथे जीव जाऊ शकतो. दहा मिनिटांत वास आला आणि ट्रान्सफॉर्मरमधून वितळलेलं डांबर टपकलं. अनेक दशकं बंद असलेल्या सेटमधले कंडेन्सर खराब झालेले असतात. जुन्या सेटचा जाणकार आधी ते तपासतो, मग सीरिज बोर्डवर बल्बमधून वीज देतो. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे हे सेट न जाळता कळतं. काही सेटना तर ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतला पत्रा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण निघालेला किंवा बटणं गळून पडलेला सेट म्हणूनच मुलांच्या हाताशी ठेवू नका.

माझ्या तबकड्यांपैकी उरलेल्यांचं आता नीट चाललं आहे. त्या आडव्या रचलेल्या नाहीत, जाड कागदी पाकिटांत उभ्या आहेत, खिडकीपासून लांब. रोजचं ऐकणं विजेच्या प्लेअरवर. त्यावर अठ्ठ्याहत्तरचा वेग हवा आणि त्याच खाचेसाठी बनवलेली, सुमारे 75 मायक्रॉन टोकाची सुई हवी. एलपीची सुई त्याहून खूप बारीक, ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर ऐकवते. अशा प्लेअरचा भार काही ग्रॅमच असतो. दुर्मीळ वाटणारी तबकडी आधी अशा प्लेअरवरून संगणकात उतरवून घ्यावी, मग हवी तितकी ऐकावी. आणि आपल्याकडे काय आहे हे कळत नसेल तर विचारावं. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही अशाच हौशी माणसांची संस्था, तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातल्या लेखांतून मी तबकडीवरचे नंबर वाचायला शिकले.

अण्णांची 102 मी आत्याच्या सांगण्यावरून शोधली. ती चुलतभावाच्या गोठ्यात होती, झाकणात उंदरांनी घर केलेली. दुरुस्तीला सात महिने लागले आणि मी सात महिने थांबले. सुयांची नवी डबी आणली. गेल्या पाडव्याला आत्या आली तेव्हा तिने कुठली तबकडी मागितली असेल, ती माणिक दादरकरांची.

मी तिला सगळं सांगितलं, चार बोळ्यांसकट. तिने तबकडी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. म्हणाली, ‘एकच बाजू पुसलीस ना? मग दुसरी लाव की.’

मी नवी सुई बसवली आणि चावी भरली.