आधी वेळ ठरव, मग पिंजरा

चि. ओंकार,

ताईचा फोन आला होता. कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंस, त्यानं दोनदा देवघरापुढं ओलं केलं आणि आता तू वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेणार, असं कळलं. पिंजऱ्याला माझी ना नाही. पण पिंजरा पिल्लाला काही शिकवत नाही, शिकवायचं तुलाच आहे आणि तेही घड्याळ बघून. ज्याला वेळा पाळायच्या नाहीत त्यानं ते पैसे वाचवावेत.

कुत्रं होता होईतो झोपायच्या जागी घाण करत नाही, सगळी भिस्त या एका स्वभावावर. म्हणून जागा बेताची हवी: उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून पडता यावं. ऐसपैस दिलीस तर एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात उरकेल. मात्र हे कुत्रं पुढं खांद्याशी दोन फुटांच्या वर जाणार. तेव्हा पिंजरा मोठ्या मापाचाच कर आणि मधे सरकती जाळी बसवून घे. तळाला नुसत्या सळ्या नकोत. या जातीच्या अंगावर मांस कमी, कोपरं सोलवटतात. पोतं आणि वर जुनी गोधडी घाल. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढ, जाळीत अडकला तर फास बसतो.

पडवीत पत्र्याखाली पिंजरा ठेवायचा बेत मात्र सोड. मोहोळचं एप्रिल-मेचं ऊन तुला मी काय सांगू! पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून भाजतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं. कोंडलेल्या जागी तापलेली हवाच ओढत राहिलं तर उष्माघातानं बघता बघता दगावतं. माळवदाची आतली खोली गार असते, तिथं ठेव. आत पाण्याचं भांडं हवंच. पाणी तोडलं की मुतणं कमी होतं, असं कुणी सांगेल. उन्हाळ्यात ते ऐकायचं नाही.

आता वेळा. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळव, फार तर तेवढे तास ते धरू शकतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं, की उचलून परसात त्याच एका जागी न्यायचं. चालवत नेलंस तर वाटेतच बसेल. तिथं गप्प उभा राहा, मोबाईल खिशात. उरकल्याबरोबर तिथंच शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरात येऊन दिलेला तुकडा कशाबद्दल, ते त्याला उमगत नाही. रात्री पिंजरा तुझ्या अंथरुणाशेजारी असू दे, कुंईकुंई केलं की उठायचं. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नकोस. पार्व्हो या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

पहिले काही दिवस दार उघडंच ठेव आणि जेवण आत दे. रागावून कधी कोंडू नकोस. घरात मुतलं म्हणून नाक घासलंस तर एवढंच शिकेल, की तुझ्यासमोर करायचं नाही. मग कणगीमागं जाऊन करेल.

मुक्या जिवाला कोंडणं पाप, असं आजी म्हणतात ना? त्यांचं अगदीच चूक नाही. अमेरिकेत पिंजरा सर्रास वापरतात, तर स्वीडन आणि फिनलंडमध्ये प्रवास, आजारपण असं कारण नसेल तर कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. आपल्याकडं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं हा गुन्हा धरलाय. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हाच. त्यातून हे शिकारीचं, धावणारं कुत्रं.

तू सकाळी कॉलेजला सोलापूरला जातोस आणि संध्याकाळी परततोस. तेवढा वेळ ते आत राहू शकत नाही. दुपारी दार उघडायला कुणी नसेल तर पिंजरा नकोच, एक खोली मोकळी कर आणि दाराला फळी लाव. तेव्हा आधी ताईशी आणि आजींशी बोल, दुपारी दार कोण उघडणार ते ठरव आणि मगच वेल्डिंगवाल्याला इसार दे.

तुझा,
मामा