दिवस उलटून जन्मणारे बाळ : धोके आणि दक्षता

धार व देवास ही पवार घराण्याची संस्थाने १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाली. आज हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात आहेत. तथापि तेथील मराठी कुटुंबांचे महाराष्ट्राशी सोयरसंबंध कायम आहेत. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते, तेव्हा ती कधी माळव्यातून महाराष्ट्रात येते, तर कधी महाराष्ट्रातून माळव्यात जाते. अशा वेळी तिच्या गर्भारपणाची नोंद सासरीच राहिली, तर दिवस भरले की उलटले हे माहेरी कोणालाच नक्की सांगता येत नाही.

गर्भावस्थेचा काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तो सुमारे २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा असतो. ४२ आठवडे पूर्ण झाल्यानंतर जन्मणाऱ्या बाळास मुदतोत्तर बाळ म्हणतात.

नऊ महिने नऊ दिवस हा लोकांचा हिशेब शास्त्रापासून फारसा दूर नाही. पाळीच्या पहिल्या तारखेत नऊ महिने व सात दिवस मिळविले की प्रसूतीची अपेक्षित तारीख मिळते. १० मार्चला पाळी आली असल्यास ती तारीख १७ डिसेंबर येते. चूक होते ती मोजणीच्या आरंभी. काही घरी पाळी चुकल्यापासून दिवस मोजतात, तर काही घरी तिथीवरून.

तिथीच्या बाबतीत माळव्यात अधिक सावध राहावे लागते. मराठी पंचांगात महिना अमावास्येस संपतो, तेथील हिंदी पंचांगात पौर्णिमेस. त्यामुळे रंगपंचमी मराठी घरी फाल्गुन वद्य पंचमीस येते आणि शेजारच्या हिंदी घरी तोच दिवस चैत्र कृष्ण पंचमीचा असतो. केवळ महिन्याचे नाव ऐकून नोंद केल्यास एक महिन्याचा फरक पडू शकतो. अधिक महिना आला, तर महिन्यांची नावे मोजतानाही अशीच चूक होते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. यासाठी पाळीची इंग्रजी तारीखच लिहून ठेवावी. तारीख आठवत नसल्यास गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय बऱ्याच अचूकपणे ठरविता येते.

उशिराने काय होते ?

दिवस उलटल्यावर वारेचे कार्य मंदावू शकते. मग गर्भास प्राणवायू व पोषण कमी पडते. गर्भजल घटते आणि नाळेवर दाब येण्याचा संभव वाढतो. बाळ गर्भजलातच पहिली काळपट हिरवी शी करते. ती श्वासमार्गात गेल्यास श्वसनाचा गंभीर त्रास होतो. काही बाळे अतिशय मोठी होऊन प्रसूतीच्या वेळी त्यांचा खांदा अडकतो. बहुसंख्य बाळे सुखरूप जन्मतात हे खरे. परंतु पोटातच बाळ दगावण्याचा धोका आठवड्यागणिक वाढत जातो. म्हणूनच ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असल्यास औषधाने कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरगुती काढे देऊन कळा आणण्याचा प्रयत्न करू नये.

अपेक्षित तारीख उलटताच, कळा नसल्या तरी, गर्भवतीस रुग्णालयात दाखवावे. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून हिरवट पाणी किंवा रक्त गेले, तर रात्रीही थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे व वाहतूक विनामूल्य आहे.

जन्मानंतरची काळजी

अशा बाळाची कातडी कोरडी व सोललेली, नखे लांब आणि अंग कृश दिसते. सुटणारी कातडी ओढू नये. डाळीचे पीठ लावून अंग चोळू नये. ती आपोआप निघून जाते. बाळाच्या अंगात चरबी व साखरेचा साठा कमी असल्यामुळे ते लवकर गार पडते आणि त्याच्या रक्तातील साखर घटते. म्हणून त्यास आईच्या उघड्या छातीशी धरून उबेत ठेवावे. पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे आणि पुढे दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी पाजावे. मध, गुटी वा साखरेचे पाणी देऊ नये. पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवावी.

बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक वेळा चालणे, छाती आत ओढली जाणे, कण्हणे, ओठ निळे पडणे, अंग थरथरणे, दूध न ओढणे ही धोक्याची लक्षणे होत. त्यांपैकी एकही दिसल्यास बाळास तत्काळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात न्यावे.

लेक माहेरी निघताना माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या हाती द्यावे आणि पोहोचताच तेथील आशा कार्यकर्तीकडे तिची नोंद करावी. शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी. कार्डावरील एका अचूक तारखेमुळे बाळाचा जीव वाचू शकतो.