ग्राफिक्स कार्डाची पारख : छापील आकडे आणि प्रत्यक्ष कामगिरी

संगणकाच्या पडद्यावर उमटणारे प्रत्येक चित्र असंख्य रंगबिंदूंचे बनलेले असते. १९२० × १०८० या प्रचलित मापाच्या पडद्यावर असे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. हलते चित्र सलग भासावे म्हणून ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटावयाचे म्हटले, तर दर सेकंदास जवळजवळ साडेबारा कोटी बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. हे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर सोपविल्यास तो त्यातच गुंतून पडतो. यास्तव एकाच प्रकारची लहान लहान गणिते एकाच वेळी हजारोंच्या संख्येने करणारा स्वतंत्र प्रक्रियक आणि त्याची स्वतःची स्मृती, म्हणजेच मेमरी, एका पट्टीवर बसविण्यात येते. हेच ग्राफिक्स कार्ड होय.

ही गणनपद्धती आता केवळ खेळांपुरती राहिलेली नाही. इमारतींचे आराखडे, चित्रफितींचे संपादन, वैज्ञानिक संशोधन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांतही तिचा वापर होतो. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा, 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक अशाच प्रक्रियकांवर उभारलेला आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्याला ६३ वे स्थान मिळाले होते.

विद्यार्थी, मुद्रणालयाचा चालक किंवा लहान स्टुडिओ यांच्या दृष्टीने मात्र कार्डाची किंमत ही मोठी बाब असते. संगणकाच्या एकूण खर्चापैकी बराच भाग या एका वस्तूवर जातो. म्हणून वेष्टनावरील आकड्यांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

गणनशक्ती

पहिला आकडा कोअरांचा, म्हणजे गणन करणाऱ्या घटकांचा असतो. दुसरा त्यांच्या वेगाचा. दर फेरीस प्रत्येक कोअर दोन क्रिया करतो असे धरून या दोहोंचा गुणाकार केला, की कार्डाची कमाल गणनशक्ती मिळते. ती टेराफ्लॉपमध्ये सांगतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया.

हा आकडा कागदावरचा असतो, हे विसरून चालणार नाही. २०१६ मधील एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० या कार्डात २,५६० कोअर होते व त्याची गणनशक्ती सुमारे ८.९ टेराफ्लॉप होती. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स व्हेगा ६४ मध्ये ४,०९६ कोअर व सुमारे १२.७ टेराफ्लॉप शक्ती होती. कागदावर दुसरे कार्ड चाळीस टक्क्यांहून अधिक बलवान होते. तथापि बहुतेक खेळांच्या चाचण्यांत दोघांची कामगिरी जवळपास सारखीच दिसून आली. रचना निराळी असली, की सर्व कोअरांना सतत काम मिळतेच असे नाही. कोअरांच्या संख्येची तुलना एकाच रचनेच्या कार्डांमध्येच करणे योग्य होय.

साठा आणि वहन

स्मृतीचे दोन गुण ध्यानात घ्यावे लागतात. धरणात पाणी किती साठते ही एक गोष्ट आणि कालव्यातून ते किती वेगाने शेतापर्यंत पोहोचते ही दुसरी. कार्डावरील गिगाबाइटचा आकडा हा साठा होय. कालव्याच्या वहनक्षमतेला येथे बँडविड्थ म्हणतात. स्मृतिमार्गाची बिटमधील रुंदी आणि दर बिटमार्गाचा सेकंदाचा वेग यांच्या गुणाकारास आठाने भागले, की ती मिळते.

आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ३०६० टीआय या दोन कार्डांचे उदाहरण बोधप्रद आहे. २०२१ मध्ये प्रथम आलेल्या ३०६० मध्ये १२ गिगाबाइट स्मृती, १९२ बिटचा मार्ग आणि १५ गिगाबिटचा वेग होता. त्याची वहनक्षमता सेकंदाला ३६० गिगाबाइट भरते. डिसेंबर २०२० मधील ३०६० टीआयमध्ये स्मृती केवळ ८ गिगाबाइट होती. परंतु २५६ बिटचा मार्ग आणि १४ गिगाबिटचा वेग यांमुळे वहनक्षमता ४४८ गिगाबाइट होते. कोअरही पहिल्यात ३,५८४, तर दुसऱ्यात ४,८६४ होते. परिणामी बहुतेक खेळांत कमी साठ्याचे कार्डच पुढे राहिले.

मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेचे दहा गिगाबाइटचे प्रारूप चालवावयाचे असेल, तर निर्णय उलटतो. ते १२ गिगाबाइटमध्ये मावते, ८ मध्ये मावत नाही. साठा अपुरा पडला, की माहिती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते आणि काम फारच मंदावते.

नाव एक, वस्तू निराळी

केवळ नावावर विसंबणे धोक्याचे आहे. २०१७ मध्ये आलेल्या जीटी १०३० या कार्डाची वहनक्षमता ४८ गिगाबाइट होती. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर ४ स्मृतीची आवृत्ती निघाली; तिची वहनक्षमता अवघी १६.८ गिगाबाइट होती. कोअर दोहोंत ३८४ आणि साठा २ गिगाबाइटच. तरीही अनेक खेळांत नव्या आवृत्तीचा चित्रवेग निम्म्याच्या आसपास आला. लॅपटॉपच्या बाबतीतही हेच आढळते. आरटीएक्स ३०६० च्या लॅपटॉप आवृत्तीत १२ ऐवजी ६ गिगाबाइट स्मृती होती.

वीज आणि उष्णता

३०६० साठी १७० वॅट, तर ३०६० टीआयसाठी २०० वॅट वीज लागते. व्हेगा ६४ ची मागणी २९५ वॅट होती, तर तितकेच काम देणाऱ्या जीटीएक्स १०८० ची १८० वॅट. अधिक वीज म्हणजे अधिक उष्णता व पंख्यांचा अधिक आवाज. संगणकाचा वीजपुरवठा संच पुरेसा नसेल, तर त्याचाही खर्च कार्डाच्या किमतीत मिळवावा लागतो.

चाचणी कशी वाचावी

अंतिम निर्णय प्रत्यक्ष चाचणीवरच सोपवावा. चाचणी कोणत्या पडद्याच्या मापावर घेतली ते आधी पाहावे. ३८४० × २१६० च्या पडद्यावर बिंदूंची संख्या चौपट होते. सरासरी चित्रवेगाबरोबरच सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेगही पाहावा. सरासरी उत्तम असूनही चित्र मधूनमधून अडखळत असेल, तर तो दोष याच आकड्यात प्रकट होतो. दोन्ही कार्डे एकाच संगणकावर व समान मांडणीत तपासलेली असावीत.

खरेदीपूर्वी आपले काम, पडद्याचे माप आणि वीजपुरवठा यांची नोंद कागदावर करावी व त्यानंतरच दुकानात जावे. कार्डाचे पूर्ण नाव, स्मृतीचा प्रकार व मार्गाची रुंदी विचारून घ्यावी. सर्वांत मोठा आकडा असलेले कार्ड नव्हे, तर आपल्या कामाची नेमकी गरज भागविणारे कार्ड हेच चांगले कार्ड होय. एवढी दक्षता घेतली, तर कष्टाचा पैसा सत्कारणी लागेल.