मासे खेळतात म्हणून पाणी सुरक्षित नसतं



परसात ताडपत्रीचं टाकं किंवा छोटं तळं करून रोहू, कटला, तिलापिया वाढवायचे म्हटलं की आपण बोटुकली, खाद्य आणि बाजार या तिन्हींचा हिशोब मांडतो. चौथी गोष्ट मात्र राहून जाते, ती म्हणजे वीज. तळ्याला पंप लागतो, पाण्यात हवा सोडायचं यंत्र लागतं. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून हे यंत्र रात्रभर चालतं. अंधार, ओले हात, अनवाणी पाय आणि शेजारी चालू वीज, असं हे काम आहे. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

पाण्यात करंट येतो कुठून?

पाण्यातल्या पंपाच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी सील असतं. ते झिजलं की पाणी गुंडाळीपर्यंत पोचतं आणि वीज पाण्यात उतरते. दुसरं कारण वायरीचा जोड. वायर कमी पडली की आपण जोड मारून वर काळी टेप गुंडाळतो. टेप ओलाव्यात सुटते. तिसरं कारण उंदीर, त्यांनी कुरतडलेली वायर वरून दिसतही नाही.

यातलं काहीही झालं तरी पंप बहुतेक वेळा चालतच राहतो. म्हणून कुणाला शंका येत नाही.

मासे मरत नाहीत, मग आपल्यालाच झटका का?

"करंट असता तर मासे मेले असते ना?" हा प्रश्न सगळ्याच विचारतात. उत्तर नीट समजून घ्या, कारण याच समजुतीपायी जीव जाऊ शकतो.

विजेला जायला वाट लागते. चिमणी विजेच्या एकाच तारेवर बसते आणि तिला काही होत नाही, कारण तिच्या अंगातून जमिनीकडे जायला वाट नसते. ताडपत्रीच्या टाक्यात तसंच होतं. प्लास्टिक पाण्याला जमिनीपासून तोडतं. वीज पाण्यात येऊन नुसती थांबते. मासे पूर्ण पाण्यात असतात, त्यांना काहीच जाणवत नाही. तुम्ही मात्र ओल्या जमिनीवर उभ्या राहून पाण्यात हात घालता. त्या क्षणी वाट तयार होते: हातातून छातीत, छातीतून पायात आणि पायातून जमिनीत.

मातीच्या तळ्यात वीज थोडी थोडी जमिनीत झिरपते, पण म्हणून ते तळं सुरक्षित होत नाही. औषध म्हणून पाण्यात मीठ टाकलं असेल तर वीज आणखी सहज पसरते.

फ्यूज कुणाला वाचवतो?

घरातला फ्यूज किंवा एमसीबी वायरीला आणि घराला आगीपासून वाचवतो, माणसाला नाही. गणित साधं आहे. साधारण १० मिलीअँपिअर वीज अंगातून गेली की हाताचे स्नायू आवळतात, धरलेली वस्तू सुटत नाही. ३० मिलीअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्हींना धोका. १० अँपिअरचा एमसीबी म्हणजे १०,००० मिलीअँपिअर. तेवढी वीज ओलांडल्याशिवाय तो पडत नाही. १० वॉटच्या एका एलईडी बल्बला जेवढी वीज लागते, जवळपास तेवढ्या विजेने माणूस दगावू शकतो. एमसीबीला वाटतं, एक बल्ब लागलाय.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे: आरसीसीबी. आपल्या गटाच्या रोकडवहीसारखं त्याचं काम चालतं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ तो सतत घालत असतो. मेळ बसला नाही, म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने गेली, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. दुकानात "३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी" असंच मागा. १०० किंवा ३०० चा आग टाळायला ठीक, माणसासाठी नाही. एमसीबी काढून टाकू नका, दोन्ही लागतात. आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही वायरी एकदम हातात आल्या तर आरसीसीबीलाही फरक कळत नाही, हे विसरू नका.

आरसीसीबीवर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. लाइन गेली तर तो ठीक. गेली नाही तर तो बदलायचा.

अर्थिंग का हवं?

अर्थिंग नसेल तर ताडपत्रीच्या टाक्यात आरसीसीबी पडेल तो तुमचा हात पाण्यात गेल्यावर. म्हणजे झटका बसेल, मग लाइन जाईल. पंपाच्या धातूच्या अंगाला तिसरी, हिरवी वायर जोडलेली असेल आणि अर्थिंग चांगलं असेल तर गळती त्या वायरीतून जमिनीत जाते आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडतो. म्हणून या दोघांची जोडी तोडायची नाही.

हे तीन प्रकार घरी असतील तर आजच थांबवा:

१. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात घालणं.
२. अर्थिंगऐवजी न्यूट्रलची वायर पंपाच्या अंगाला जोडणं. न्यूट्रल कुठे तुटली तर पंपाच्या अंगावरच पूर्ण करंट येतो.
३. आकडा टाकून पंप चालवणं. आकड्याला ना अर्थिंग, ना आरसीसीबी.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. कोरडी माती वीज नीट घेत नाही.

वीज पाण्याबाहेरच ठेवता आली तर?

तो सगळ्यात चांगला उपाय. हवेचा पंप काठावर, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. तळ्यात फक्त हवेची नळी जाईल, वायर जाणार नाही. लहान टाक्याला सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप पुरतो का, हेही विचारून बघा. २३० व्होल्टच्या मानाने त्यात धोका फार कमी. बोर्ड तळ्यापासून लांब, भिंतीवर, झाकणाचा असावा.

रोजचा नियम: आधी पिन, मग हात

जाळं टाकायचं, मेलेला मासा काढायचा, जाळी साफ करायची, काहीही असो, आधी पिन बाहेर काढायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही. वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच बंद असूनही पंपात करंट राहतो.

"लाइट गेलीये, आता काय होतंय" म्हणून पाण्यात उतरू नका. लाइट कधी येईल ते आपल्या हातात नाही आणि ऑटो स्विच असेल तर पंप आपोआप सुरू होतो. लेकरांनाही हाच नियम शिकवा.

टेस्टर पाण्यात बुडवून तपासू नका. जाणकार वायरमनला बोलवा. पाणी आणि जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामधलं व्होल्टेज त्याला मीटरने मोजायला सांगा, एकदा पंप चालू असताना आणि एकदा बंद असताना.

कुणाला करंट लागलाच तर

धावत जाऊन हात धरू नका, पाण्यात उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. ओला बांबू चालणार नाही. मग १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. शुद्धीवर असली तरी दवाखान्यात न्याच, हृदयाची तपासणी व्हायला हवी. खांबावरची तार तुटली किंवा लोंबकळत असेल तर जवळ न जाता महावितरणच्या १९१२ वर कळवा.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

• आपल्या गटात किती जणींकडे टाकं, तळं किंवा पाण्यातला पंप आहे? त्यातल्या किती ठिकाणी आरसीसीबी आहे?
• कुणाच्या प्लगची तिसरी पिन मोडलेली आहे?
• सगळ्यांसाठी एकाच दिवशी वायरमन बोलावला तर खर्च वाटून घेता येईल का?
• आरसीसीबी आणि अर्थिंगसाठी अंतर्गत कर्ज देण्याचा ठराव घ्यायचा का?

कर्ज घेऊन आपण बोटुकली आणतो, खाद्य आणतो. त्याच कर्जाच्या अर्जात आरसीसीबी आणि अर्थिंगची एक ओळ वाढवा. आणि 'टेस्ट' बटण दाबायला महिन्याच्या बैठकीचा दिवसच ठरवून टाका, म्हणजे कुणी विसरणार नाही.